दुभाजकावरचं गवत

(भर दुपार. रुंद हमरस्त्याच्या मधोमध मातीचा दुभाजक. त्यावर वहिनी, तिचा धाकटा दीर आणि रोपांचे ट्रे. दोन्ही बाजूंनी भरधाव गाड्या.)

भावजी : एवढी एक रांग झाली वहिनी, की निघूच.

वहिनी : मघाशीही एकच रांग होती. त्याच्या आधीही एकच होती. रांग आहे की मारुतीचं शेपूट?

भावजी : कामाचं असंच असतं. हात लावला की वाढतं.

वहिनी : हात लावला की वाढतं ते गवत. काम कमी व्हायला हवं. गाडी कुठे आहे?

भावजी : येईल हो. वाटेत असेल.

वहिनी : सकाळी काय म्हणाला होतात? दोन ट्रे लावू आणि तसंच पुढे तुम्हाला खाणीवर सोडतो. वाटेवरच आहे म्हणालात. आता सावली पायाखाली शिरली माझी.

भावजी : पंक्चर झालं असेल. नाहीतर ड्रायव्हर तसा भरवशाचा आहे.

वहिनी : मग फोन करा भरवशाच्या माणसाला.

भावजी : केला मघाशी. लागत नाही. इथे रेंजचा जरा घोळ आहे.

वहिनी : इथे? तो टॉवर बघा समोर. अंगावर पडेल इतका जवळ आहे.

भावजी : टॉवरच्या बुंध्याशी रेंज नसते म्हणतात. दिव्याखाली अंधार.

वहिनी : म्हणी पुरे. माझा फोन असता तर मीच केला असता. नेमका आजच सापडू नये! उशीखाली बघितलं, ओट्यावर बघितलं, तुमच्या आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जाईल कुठे, घरातच असेल.

भावजी : घरातच असेल मग.

वहिनी : खाणीवरच्या त्या बाईंचा नंबर त्याच्यात आहे. नाहीतर तुमच्या फोनवरून निदान कळवलं असतं, उशीर होतोय म्हणून.

भावजी : अहो, एक दिवस इकडेतिकडे झाल्याने काय बिघडतं? खाण काय पळून जातेय?

वहिनी : खाण नाही, काम पळून जातंय. त्या बाई आजच्या दिवसापुरत्या तिथे आल्यात. ऑफिस बंद व्हायच्या आत येऊन समोर बसून हो म्हणा, नाहीतर दुसऱ्याला देते, असं स्वच्छ सांगितलंय त्यांनी. तुमच्यासमोरच सांगितलं. तुम्ही चहा पीत होतात.

भावजी : हो हो, आठवतंय. पण खरं सांगू का वहिनी, उघड्या दगडावर गवत आणायचं म्हणजे... सगळा डोंगर पोखरून खाल्लाय त्यांनी. आता वर हिरवी चादर घालायला तुम्ही. लोक हसतील.

वहिनी : इथे लावताना हसले नव्हते? एक जण गाडीची काच खाली करून ओरडला होता, काका, मेलेलं कशाला लावताय? तुम्ही लाजून ट्रेमागे बसला होतात.

भावजी : बसलो नव्हतो. वाकलो होतो. खुरपं पडलं होतं.

वहिनी : आणि दुसऱ्या वर्षी तांबूस तुरे आले, तेव्हा त्याच रस्त्यावर लोक गाडी हळू करून बघत होते. तेव्हा बरे ताठ उभे राहिलात.

भावजी : ते तुरे मात्र खरंच... मागून ऊन पडलं की पेटल्यासारखे दिसतात.

वहिनी : तेच मला डोंगरभर बघायचंय. खत नाही, चांगली माती नाही, पाणी जेमतेम. त्याला हवंय काय तर ऊन. आणि ऊन तिथे पोत्याने आहे. शिवाय दोन खोल्या देतायत राहायला. स्वतःच्या. दाराला आतून कडी असलेल्या.

भावजी : आपल्याकडे काय कमी आहे खोल्यांना?

वहिनी : आपल्याकडे खोल्या आहेत. कडी बाहेरून आहे. तो पुढचा ट्रे द्या इकडे.

भावजी : हा घ्या.

वहिनी : ... हे काय आहे?

भावजी : रोपं.

वहिनी : ते दिसतंय. पानं बघा. बोटाला लागत नाहीत इतकी मऊ. हा नर्सरीतल्या सावलीच्या जाळीखालचा ट्रे आहे.

भावजी : आला असेल एखादा चुकून.

वहिनी : हा दुसराही जाळीखालचा. तो तिसराही. सकाळपासून मी खाली मान घालून खड्डे करतेय आणि तुम्ही मागून लावत येताय, म्हणून बघितलंच नाही मी. भावजी, ही रोपं अजून एकदाही उन्हात काढलेली नाहीत! आधी नुसतं सकाळचं ऊन दाखवायचं, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस, आणि मग कुठे जमिनीत. हे मी तुम्हाला सांगायचं?

भावजी : घाई झाली हो.

वहिनी : शेंडे बघा. पांढरे पडायला लागलेत. दिवस मावळेपर्यंत कागद होतील यांचे.

भावजी : पाणी मारतो ना वरून.

वहिनी : भाजलेल्या पानावर पाणी मारून काय होतं? आणि कसली घाई? ही रांग पुढच्या आठवड्यात लावायची ठरली होती. उन्हाला सरावलेले ट्रे मी फाटकाशी भिंतीला लावून ठेवलेत. आंधळ्याच्याही पायाला लागले असते.

भावजी : पहाटे जरा अंधुकच होतं.

वहिनी : थांबा. फाटकाशी ठेवलेले ट्रे उचलले असते तर मला दिसलं असतं. मी ओसरीतच होते. मी विचारलं असतं, आज कशाला? म्हणून मागच्या बाजूने गाडी लावलीत आणि जाळीखालून जे हाताला लागलं ते भरलंत.

भावजी : काय तुम्ही पण. पोलिसात जायला हवं होतं तुम्ही.

वहिनी : हसू नका. माझ्याकडे बघा. आज इथे काही कामच नव्हतं ना?

भावजी : काम काय, कधी ना कधी करायचंच होतं...

वहिनी : भावजी.

भावजी : फोन वाजतोय. राहू द्या, नंतर बघू.

वहिनी : वाजतोय? आता आली वाटतं रेंज.

भावजी : वहिनी, नको. खिशात आहे, माझे हात बरबटलेत...

वहिनी : म्हणूनच मी काढते. आईंचा आहे. बोला. धरलाय तुमच्यासमोर. आवाज मोठा केलाय, म्हणजे गाड्यांत ऐकू येईल.

आई : काय रे, आहे ना ती तिथेच?

भावजी : आई, अगं...

आई : दिवस कलेपर्यंत हलवू नकोस तिला. ते ऑफिस एकदा बंद झालं की मग आण घरी, मी गोडाचं करून ठेवते काहीतरी. आणि तिचा फोन मी पिठाच्या डब्यात घातलाय. वाजला तरी कळायचा नाही. ऐकतोयस ना? बोल की! मिठाची गुळणी धरलीस का?

वहिनी : त्यांचे हात भरलेत, आई. मी बोलतेय.

आई : ... कोण?

वहिनी : मीच. माझा फोन पिठात आहे ना, म्हणून यांच्या फोनवरून.

आई : बरं. ऐकलंस ते बरंच झालं. मी काही चोरी केलेली नाही.

वहिनी : नाही. नुसतं कोंडलंत.

आई : कोंडायला दार लागतं. तू उघड्यावर आहेस.

वहिनी : हो ना. इतकी उघड्यावर की चारी दिशा दिसतात, आणि एकीकडेही पाऊल टाकता येत नाही. पलीकडे बसचा स्टॉप आहे, आई. तिथल्या बाकावरच्या बाईच्या हातातली पिशवीसुद्धा दिसतेय मला. खाणीवर जाणारी बस तिथेच थांबते. सकाळपासून तीनदा येऊन गेली.

आई : सूनबाई, शब्दाला शब्द लावू नकोस. मी तुला काय कमी केलं? कधी हाताला धरून ऊठ म्हटलं? कधी जेवायच्या आधी विचारलं नाही असं झालं?

वहिनी : नाही. तसं कधीच नाही झालं.

आई : मग? उद्या थोरला दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, आई, ही कुठे आहे? तर काय सांगू त्याला? खाणीत गेली?

वहिनी : सांगा, कामाला गेली.

आई : बायको घरात नाही म्हटल्यावर उंबऱ्यावरूनच फिरेल तो. तू आहेस तोवर त्याला यायला घर आहे. तू गेलीस की कशासाठी येईल? माझ्यासाठी? माझ्यासाठी यायचा असता तर आला नसता का इतक्या वर्षांत?

वहिनी : आई, ते माझ्यासाठी तरी कुठे आले?

आई : ... मी ठेवते. दूध उतू जातंय.

वहिनी : दूध मी सकाळीच तापवून... ठेवला त्यांनी.

भावजी : वहिनी, माझं ऐका. मी आईला म्हणालो होतो की हे बरं नाही. देवाशप्पथ म्हणालो होतो.

वहिनी : म्हणालात, आणि मग गाडी मागच्या बाजूला लावलीत.

भावजी : ती जेवेना हो. ताट सारून बसली. तुम्हाला माहितेय ती कशी करते ते.

वहिनी : मला माहितेय. ते सारलेलं ताट दरवेळी उचलतं कोण?

भावजी : मला वाटलं, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. ही संधी गेली तर दुसरी येईल. तुमच्या हाताला गुण आहे, तुम्हाला कोणीही बोलावेल.

वहिनी : मग दुसऱ्या संधीच्या दिवशी कुठे न्याल मला? पुलाच्या खांबावर?

भावजी : असं नका बोलू.

वहिनी : कसं बोलू? तुम्हीच सांगा, त्या घरात मी कोण आहे? पाहुणी नाही. मालकीण नाही. तुमच्या भावाची बायको म्हणावं तर भाऊ नाही. बसमध्ये जागा धरायला लोक खिडकीतून रुमाल टाकतात ना, तो रुमाल आहे मी. ज्याची जागा आहे तो चढलाच नाही. बस केव्हाची सुटली. आणि तुम्ही मायलेक रुमालावर हात ठेवून बसलाय, इथे कोणीतरी आहे, इथे कोणीतरी आहे म्हणत. तो येणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. मला माहीत आहे. गेला तिकडे त्याचं दुसरं घर आहे, त्या घरात मूल आहे, हेही आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आईंनाही. तरी रोज त्याचे जोडे पुसून ठेवायचे. मीच पुसते.

भावजी : आई म्हणते, आशा सोडू नये.

वहिनी : फाटकापाशी तो गवताचा ठोंब आहे ना, त्याने लावलेला? किती वर्षं सांगतेय, खणून काढू, कडेचे फुटवे वेगळे करून लावू. दहा नवे ठोंब होतील. आई हात लावू देत नाहीत, थोरल्याच्या हातचा आहे म्हणून. मधला सगळा भाग वाळून भुसा झालाय त्याचा. त्यांना कडेची हिरवी गोल रेघ दिसते. त्यांना वाटतं, छान आहे.

भावजी : तुम्हाला काय वाटतं, मला दिसत नाही? मी पण त्याच घरात राहतो, वहिनी.

वहिनी : मग कधी एका शब्दाने बोलला नाहीत ते?

भावजी : कारण तुम्ही गेलात की मी उरतो. बोलू का स्पष्ट? दादा गेला. त्याने सगळ्यांसमोर बॅग भरली, पेढे वाटावेत तसा गेला. आता तुम्ही जाणार. आणि मग संध्याकाळी त्या घरात आई जोडे माझ्या हातात देणार, पूस म्हणून. मग रुमाल कोण? मी. आणि नर्सरीचं काय? मी बी पेरलं की उगवत नाही. तुम्ही पेरलं की उगवतं. लोक येतात ते तुमच्या ट्रेसाठी. माझे ट्रे बघून म्हणतात, मातीचे ट्रे पण विकता वाटतं.

वहिनी : उगवत नाही, कारण तुम्ही पुरता. लाख वेळा सांगितलं, या गवताचं बी वरवर भुरभुरायचं आणि नुसतं तळव्याने थोपटायचं. त्याला उजेड लागतो. तुम्हाला वाटतं, खोल गाडलं की सुखरूप राहील.

भावजी : मुंग्या नेतात ना वर ठेवलं की.

वहिनी : थोडं नेतात. नेऊ द्यावं. बाकीचं उगवतं. हा घ्या तुमचा फोन, ड्रायव्हरला लावा.

भावजी : वहिनी...

वहिनी : लावा. आई काय म्हणायचं ते म्हणतील, मी बघते. तुम्ही फक्त गाडी बोलवा. अजून वेळ आहे. तशाच मातीच्या हातांनी जाईन, त्या बाईंना चालेल.

भावजी : लागणार नाही तो.

वहिनी : का?

भावजी : बंद ठेव म्हणून मीच सांगितलंय त्याला. दिवस मावळायच्या आधी चालू करू नकोस, आणि कोणी काही सांगितलं तरी येऊ नकोस. मी सांगितलं तरी येऊ नकोस म्हणालो.

वहिनी : तुम्ही सांगितलं तरी?

भावजी : मला माहीत होतं ना, तुम्ही असं बोलाल आणि मी विरघळेन. हसताय?

वहिनी : हसू नको तर काय करू? दुसऱ्यासाठी खड्डा खणावा आणि आपणही त्यातच जाऊन बसावं, हे तुम्हीच करू जाणे. दुसऱ्या कोणाला तरी बोलवा. शेजारच्या गॅरेजवाल्याला.

भावजी : तो येईल, पण गावाच्या त्या टोकाहून. तोवर तुमचं ऑफिस बंद. आणि इथे गाडी थांबवू देत नाहीत. आपल्याला माल उतरवायला तेवढी सवलत आहे, तीही रस्त्यावर ते केशरी शंकू आणि लाल झेंडा लावला तर. दोन्ही गाडीतच गेले.

वहिनी : व्यवस्थित बांधणी केलीत हो सगळी. रोपं सोडून.

भावजी : कुठे निघालात? वहिनी! मागे या. कठड्यावरून पाय काढा आधी.

वहिनी : चारच लेन आहेत. एक एक करून जाईन.

भावजी : वेड लागलंय का? परवा तो कुत्रा बघितलात ना? त्याला चार पाय होते.

वहिनी : हात सोडा माझा.

भावजी : नाही सोडणार. इथे तुम्हाला काही झालं तर मी आईला काय तोंड दाखवू?

वहिनी : बघा. आताही आईच. आईला काय सांगू, आईला काय तोंड दाखवू. मला काही झालं तर मला काय होईल, हे तुमच्या डोक्यात कधी येतच नाही का, भावजी? एकदासुद्धा? हात सोडा.

भावजी : ती बादली द्या.

वहिनी : काय?

भावजी : लाल बादली. पाणी ओता त्यातलं. ओता हो, रोपं तशीही गेलीच आहेत.

वहिनी : गेलेली नाहीत. त्यांच्यावर ओली पोती टाका आणि ट्रे त्या पाटीच्या मागे सरकवा. निम्मी वाचतील. बादली कशाला?

भावजी : झेंडा नाही ना. बादली तर आहे. मी पुढे जातो, गाड्या थांबवतो. मी हात खाली केला की निघायचं. मध्ये थांबायचं नाही. माझ्याकडे बघायचं नाही. समोरच्या बाकाकडे बघत सरळ.

वहिनी : अहो, तुम्ही... ट्रक येतायत. कोणी थांबणार नाही तुमच्या बादलीसाठी.

भावजी : माझ्या अंगावर केशरी जाकीट आहे. लांबून मी सरकारी माणूस दिसतो. जन्मात पहिल्यांदा त्याचा उपयोग होईल.

वहिनी : भावजी, ऐका. मी काही परदेशी चालले नाही. बसच्या अंतरावर आहे.

भावजी : याल परत?

वहिनी : माहीत नाही. येईन म्हणून सांगून जाणारी माणसं आपण बघितली आहेत. मी तसं सांगणार नाही.

भावजी : बरं.

वहिनी : बी वरवर भुरभुरा.

भावजी : भुरभुरेन. नेऊ द्या मुंग्यांना. सरका आता. ए! ए, थांबा! थांबवा गाडी! हो, तुम्हालाच! माणूस आहे इथे!

वहिनी : मागे! मागे या, तो थांबत नाहीये!

भावजी : थांबतोय! ब्रेक लागलेत त्याचे. ए ट्रकवाले, घाला शिव्या, आईवरून घाला, बापावरून घाला, पण तिथेच उभे राहा! पहिली झाली! वहिनी, तयार राहा!

वहिनी : दुसऱ्या लेनला मोटरसायकल!

भावजी : बघितली! थांब रे बाबा, थांब, मरायचंय का? मला नाही, तुला विचारतोय! उभा राहा! आता! चला वहिनी! चला!

वहिनी : चप्पल...

भावजी : राहू द्या चप्पल! पळा! तिसरी... त्या पांढऱ्या गाडीच्या पुढून, तो थांबलाय, हात दाखवतोय बघा! चला! चौथी मोकळी आहे!

वहिनी : पोचले! भावजी, मागे फिरा, ते सगळे सुटले! ट्रक निघाला, मागे फिरा!

भावजी : फिरलो! कठड्याला आहे मी! बस आली, बस! हात करा! हात करा तिला!

आई : हॅलो? किती वेळ वाजतोय फोन. कुठे होतास?

भावजी : इथेच.

आई : धापा कसल्या टाकतोयस? उन्हात बसला आहेस का? ती आहे ना जवळ? ऐकत असली तर ऐकू दे, मला आता काही लपवायचं नाही. तिला म्हणावं...

भावजी : नाही आहे ती.

आई : नाही म्हणजे?

भावजी : गेली. बस मिळाली तिला. अनवाणी गेली.

आई : आणि तू बघत राहिलास?

भावजी : मीच गाड्या थांबवल्या, आई. रस्त्यात उभा राहून. आई? आहेस ना?

आई : आहे. मी कुठे जाणार?

भावजी : ओरड मला हवं तर.

आई : रडत होती का ती?

भावजी : नाही.

आई : बसमध्ये चढताना वळून बघितलं तिने?

भावजी : नाही. सरळ चढली.

आई : बरं केलं. थोरल्याने वळून बघितलं होतं, कोपऱ्यावर. हात पण केला होता. तेवढ्यावर मी बसलेय. डोकं तापेल तुझं. तू तरी ये आता घरी.

भावजी : कसा येऊ, आई? माझ्यासाठी गाड्या थांबवायला इथे कोण आहे?